सुरतेचा भाग कसा पाहावा? पडद्यावरचा हेर आणि कागदांतला बहिर्जी

शिवकालावरील मालिका असो वा चित्रपट, हेराचे दृश्य बहुधा एकाच वळणाने येते. गजबजलेल्या बाजारपेठेत एक फकीर भिक्षा मागत फिरतो. त्याची नजर पहाऱ्यावर, वेशीवर आणि सावकाराच्या माडीवर जाते. कोणी संशयाने रोखून पाहिलेच, तर तो वेड्याचे सोंग घेतो. पुढच्या दृश्यात तोच माणूस राजगडावर मुजरा करतो आणि तो बहिर्जी नाईक असल्याचे उघड होते. कथानक सुरतेचे असेल, तर या मुजऱ्यानंतर घोडदौड सुरू होते आणि भाग संपता संपता भगवा फडकतो. प्रेक्षक सुखावतो. मात्र या भागाने हेरगिरीविषयी नेमके काय सांगितले, असे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दात संपते: वेषांतर.

ज्या भूमीवर ही कथा घडली, तिथेही आज मराठी मालिका पाहिल्या जातात. सुरत शहराच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया ही अशीच एक वस्ती. मुख्य रस्त्यावरून एखाद्या गावाकडे वळणाऱ्या फाट्याला गुजरातेत ‘पाटिया’ म्हणतात. पर्वत गावाचा हा फाटा शहर वाढत गेले तसा त्याच्या पोटात आला. पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना या पट्ट्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून कापड व्यवसायात कामासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. यातील उधन्याचे नाव सुरतेच्या मोहिमेच्या नोंदींतच आढळते. शहरात शिरण्याआधी शिवाजी महाराजांचे सैन्य उधन्यास पोहोचले होते. त्यामुळे सुरतेचा भाग या वस्त्यांत पाहिला जातो तेव्हा तो दूरच्या गडकिल्ल्यांची गोष्ट राहत नाही. एकाच प्रसंगाला घरात ‘मोहीम’ आणि शेजारी ‘लूट’ म्हटले जाते, आणि दोन्ही शब्द एकाच जिन्यावर ऐकू येतात.

म्हणूनच अशा भागाचे परीक्षण करताना नटाचा अभिनय, भव्य देखावा आणि पार्श्वसंगीत एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. हेरकथेला चार साधे प्रश्न विचारावे लागतात. हेराला कळले काय? ते खरे असल्याची खात्री कोणी व कशी केली? त्या माहितीवर कोणता निर्णय झाला? आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली? या चार प्रश्नांच्या कसोटीवर १६६४ ची सुरत मोहीम पाहिली, तर पडद्यावरील कथेपेक्षा कागदांतील कथा अधिक रोमहर्षक निघते.

बहिर्जीविषयी कागद काय सांगतात?

बहिर्जी नाईकांचे चरित्र लिहिण्याइतकी सामग्री समकालीन साधनांत नाही. त्यांचे बालपण, घर, शिक्षण, त्यांनी घेतलेली सोंगे यांविषयी जे सांगितले जाते, ते बहुतेक उत्तरकालीन परंपरेतून आणि कादंबऱ्यांतून आलेले आहे. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर ही त्यातल्या त्यात जवळची साक्ष होय. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून ती सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिली गेली. शिवाजी महाराजांच्या पदरी काम केलेला हा लेखक बहिर्जी जाधव या जासुदाचा उल्लेख दोन महत्त्वाच्या प्रसंगी करतो.

पहिला प्रसंग सुरतेचा. बहिर्जी सुरतेची पाळत घेऊन आला आणि ते शहर मारल्यास अगणित द्रव्य हाती लागेल, असे त्याने सांगितले, अशा आशयाचे वर्णन बखरीत आहे. दुसरा प्रसंग १६७९ मधील जालन्याच्या स्वारीनंतरचा. लुटीसह परतणाऱ्या सैन्याची वाट मोगलांनी अडवली असता बहिर्जीने आडवाटेने, रात्रंदिवस मजल मारीत महाराजांना पट्टागडावर सुखरूप आणले. या गडाला पुढे विश्रामगड हे नाव मिळाले. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बाणूरगडावर बहिर्जींची समाधी दाखवली जाते. तीही परंपरेच्या आधारावर.

या दोन नोंदींतील साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. दोन्हींत सोंगाचा उल्लेख नाही. पहिल्या प्रसंगी बहिर्जी श्रीमंत शहराची माहिती आणतो, दुसऱ्या प्रसंगी त्याला शत्रूला ठाऊक नसलेली वाट माहीत असते. सभासदाला त्याचे मोल वाटले ते या ज्ञानासाठी. ‘पाळत’ या जुन्या शब्दाचा अर्थही तोच: लक्ष ठेवून, वेळ घालवून, पुन्हा पुन्हा पाहून मिळवलेली खबर.

पडद्यावरील बहिर्जीला अर्थातच चेहरा लागतो. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ (२०१८) मध्ये प्रसाद ओक यांनी आणि ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) मध्ये हरीश दुधाडे यांनी ही भूमिका केली. त्याआधी २००८ मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेने शिवचरित्र घरोघरी नेले आणि त्यातील डॉ. अमोल कोल्हे यांची शिवाजी महाराजांची भूमिका लोकांच्या मनात ठसली. कागद जिथे मौन पाळतात, तिथे नाटककाराने कल्पना वापरणे हा त्याचा हक्कच आहे. मात्र कल्पनेने रिकामी जागा भरावी. जी जागा पुराव्याने भरलेली आहे, ती पुसू नये. सुरतेच्या बाबतीत नेमके हेच घडते. पुरावा भरपूर असूनही पडद्यावर त्याच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो.

कळण्यासारखे काय होते?

१६६४ च्या आरंभी सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत संपन्न बंदर होते. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथून सुटत. इंग्रज आणि डच यांच्या वखारी येथे होत्या. वीरजी व्होरा, हाजी झाहिद बेग, हाजी कासम यांसारखे व्यापारी युरोपीय कंपन्यांनाही कर्ज देत. ही श्रीमंती कोणापासून लपलेली नव्हती. सुरतेत पैसा आहे, हे सांगण्यासाठी हेराची गरज नव्हती.

हेराची गरज होती ती पुढच्या गोष्टींसाठी. एक, शहराला भक्कम तट नव्हता. तापीकाठचा किल्ला मजबूत होता, पण तो शहराचे रक्षण करू शकत नव्हता. दोन, सुभेदार इनायतखान सुमारे पाचशे सैनिकांचा खर्च सरकारातून घेत असे, मात्र तेवढी फौज प्रत्यक्षात सज्ज नसे, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. तीन, पैसा नेमका कोणत्या हवेल्यांत आहे. चार, युरोपीयांच्या वखारी तटबंद आणि तोफांनी सज्ज आहेत, त्यांच्याशी झुंजत बसल्यास वेळ आणि माणसे दोन्ही खर्ची पडतील. आणि पाच, मदतीला येऊ शकणारे जवळचे मोठे मोगल सैन्य अहमदाबादेकडे आहे. ते येईपर्यंत किती दिवस मिळतील, हे मोजता येते.

यातील प्रत्येक गोष्ट कोरडी वाटते. फौजेच्या हजेरीपटातील तफावत हे काही रोमांचक दृश्य नव्हे. पण मोहिमेचा सारा हिशेब या तफावतीवरच उभा होता. इनायतखानाच्या पदरी खरोखर पाचशे शिस्तबद्ध सैनिक वेशीवर उभे असते, तर पहिला दिवस वेगळा गेला असता. भ्रष्ट अधिकाऱ्याचा खोटा हजेरीपट शत्रूच्या जासुदाला खरा दिसणे, हे हेरकथेतील सर्वोत्तम दृश्य ठरू शकते. वेषांतराच्या मोहात ते निसटून जाते.

माहितीची दुसरी बाजूही महत्त्वाची. एप्रिल १६६३ मध्ये पुण्यात शाहिस्तेखानावर छापा पडला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजा जसवंतसिंह सिंहगडाच्या वेढ्यात गुंतला होता. मोगलांचे लक्ष पुण्याकडे असताना वार उत्तरेकडे करायचा, हा निर्णय जासुदाचा नव्हे, राजाचा होता. खबर आणि निर्णय यांतील ही सीमारेषा चांगल्या हेरनाट्यात स्पष्ट दिसते. सभासदानेही बहिर्जीला खबर देणाऱ्याच्या जागी ठेवले आहे. मोहिमेचा भार महाराजांनी स्वतः उचलला.

खोटे नाव, खरी वाट

कोकणातून उत्तरेकडे सरकणारे हजारो घोडेस्वार लपवता येत नाहीत. मग लपवायचे काय? त्यांची ओळख. महाराजांच्या सैन्याने वाटेत अशी बातमी पसरवली की हे मोगलांचेच सैन्य असून अहमदाबादेस महाबतखानाला मिळण्यासाठी चालले आहे. ही बातमी वाटेवरच्या लोकांना पटण्यासारखी होती, कारण त्या काळी अशा फौजा याच वाटांनी येत-जात असत. खोटे बोलायचे तर ते ऐकणाऱ्याच्या रोजच्या अनुभवात बसणारे असावे लागते, हे जासुदांनी पुरवलेले ज्ञान येथे कामी आले.

इंग्रजांच्या त्या वेळच्या तारखांनुसार ५ जानेवारी १६६४ रोजी सैन्य सुरतेच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवरील गणदेवीस असल्याची खबर शहरात पोहोचली. लोक बायकामुलांसह तापी ओलांडून पळू लागले. ऐपतदारांनी किल्लेदाराला पैसे चारून किल्ल्यात आसरा मिळवला. इनायतखान स्वतःही किल्ल्यात जाऊन बसला. ६ जानेवारीस सैन्य उधन्यावरून पुढे सरकले आणि बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरील एका बागेत तळ पडला. बुऱ्हाणपूरकडे, म्हणजे खानदेशाकडे जाणारी व्यापारी वाट याच बाजूने निघत असे. आज खानदेशातील मराठी माणूस रोजगारासाठी ज्या दिशेने सुरतेत येतो, ती दिशाही हीच.

महाराजांनी आधीच निरोप पाठवून इनायतखान, वीरजी व्होरा, झाहिद बेग आणि हाजी कासम यांना खंडणी ठरवण्यासाठी बोलावले होते. निरोपातील ही नावेच सांगतात की कोणाकडे काय आहे, याचा तपशील तळावर आधीच पोहोचला होता. उत्तर आले नाही. त्यानंतरचे चार-पाच दिवस शहर लुटले आणि जाळले गेले. वीरजी व्होरा आणि झाहिद बेग यांच्या हवेल्या खणून काढल्या गेल्या. सर जॉर्ज ऑक्सेंडनच्या नेतृत्वाखाली इंग्रजांनी जहाजांवरील खलाशी उतरवून वखार राखली. डचांनीही आपली वखार राखली. १० जानेवारीस, मदतीची मोगल फौज येण्यापूर्वी, मराठे निघून गेले. आत शिरण्याइतकेच वेळेवर बाहेर पडणे हेही खबरीवरच अवलंबून असते.

वाचलेली घरे

सुरतेच्या भागात सहसा न दिसणारा एक तपशील फ्रेंच प्रवासी बर्नियेने नोंदवला आहे. कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या निवासाला धक्का लावला गेला नाही, कारण ते सज्जन आहेत, असे महाराजांचे मत होते. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वगळण्यात आले. हयातीत तो मोठा दानधर्म करीत असे, याची खात्री महाराजांना पटवण्यात आली होती.

या नोंदीकडे सहसा उदारतेचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण तीत हेरखात्याची साक्षही दडली आहे. परक्या शहरात, पेटलेल्या बाजारात, कोणते घर कोणाचे होते आणि मेलेला मालक कसा वागत असे, हे कोणाला तरी ठाऊक होते. त्याचे म्हणणे ऐकले गेले आणि ते मान्यही झाले. पैसा कुठे आहे हे सांगणारा जासूद कुठे हात लावू नये हेही सांगू शकतो. पडद्यावर हे एकच दृश्य प्रामाणिकपणे आले, तर हेर या पात्राला नवी उंची मिळेल.

त्याच नोंदींत कठोर पानेही आहेत. इनायतखानाने वाटाघाटीच्या मिषाने पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर खंजिराने हल्ला केला. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला, तरी तो झेपावलाच. दोघेही खाली पडले. महाराज मारले गेल्याची आवई क्षणभर उठली आणि कैद्यांची कत्तल करा, अशी ओरड झाली. महाराजांनी उठून ती थांबवली. मात्र त्यानंतर काही कैद्यांचे शिरच्छेद झाले आणि अनेकांचे हात तोडले गेले. त्या वेळी तळावर कैदेत असलेला इंग्रज व्यापारी अँथनी स्मिथ याने हे पाहिले. सुरतेच्या वखारीतील पाद्री एस्कालियट याने त्याच महिन्यात इंग्लंडला लिहिलेल्या पत्रात त्या दिवसांचे वर्णन केले आहे. हे साक्षीदार लुटलेल्या बाजूचे, परकीय आणि व्यापारी होते, हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही त्यांची साक्ष टाळून सुरतेचा भाग पूर्ण होत नाही.

किंमत कोणी मोजली, या चौथ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. स्वराज्याच्या बाजूने पाहता शाहिस्तेखानाच्या फौजेने पुणे प्रांताची तीन वर्षे जी नासाडी केली, तिची भरपाई सुरतेच्या पैशातून झाली. शहराच्या बाजूने पाहता सुभेदार किल्ल्यात सुरक्षित राहिला आणि घरे जळाली ती तटाबाहेरच्या माणसांची. पुढे औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली आणि शहराभोवती तट बांधण्याची आज्ञा दिली. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा आले, तेव्हा तट होता; पण त्यावर उभे राहून लढणारे पुरेसे नव्हते. विटांचा तट बांधता आला, तरी हजेरीपटाचा जुना रोग बरा झाला नव्हता.

फकिराची गोष्ट कधी जन्मली?

पडद्यावरील फकिराचे दृश्य ही आजच्या पटकथालेखकांची निर्मिती आहे, असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. फ्रेंच प्रवासी थेवनो १६६६ च्या आरंभी सुरतेत उतरला. छापा पडून तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्याच्या प्रवासवर्णनात अशी हकिकत आहे की, छाप्यापूर्वी खुद्द शिवाजी महाराज फकिराच्या वेषात सुरतेत येऊन वाटा आणि ठिकाणे पाहून गेले होते.

हे घडले असण्याचा संभव फार थोडा. जसवंतसिंहाची फौज सिंहगडाशी भिडलेली असताना राजाने एकट्याने शत्रूच्या बंदरात फिरणे, हे महाराजांच्या सावध स्वभावाशी जुळत नाही. पण ही हकिकत खोटी म्हणून टाकून देण्यासारखीही नाही. लुटले गेलेले शहर स्वतःला काय समजावत होते, हे ती दाखवते. आपल्या सुभेदाराने सैनिक ठेवले नाहीत, तट बांधला नाही, हे मान्य करण्यापेक्षा शत्रू मायावी होता, असे म्हणणे सोपे असते. जो पकडताच येत नाही, त्याला न पकडल्याचा दोष कोणावर येत नाही. वेषांतराची कथा अशा रीतीने प्रथम पराभूतांच्या बाजारात रुजली. विजेत्यांच्या वंशजांनी ती पुढे आपल्या अभिमानासाठी उचलली, आणि त्या प्रवासात फकिराच्या कफनीत महाराजांच्या जागी बहिर्जी आला.

गोव्यातील फसलेला डाव

सुरतेच्या भागात जे दिसत नाही, ते पाहायचे असेल तर गोव्याकडे वळावे लागते. नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांनी बार्देशवर स्वारी केली आणि त्यानंतर पोर्तुगिजांशी तह झाला. पुढच्या वर्षी, १६६८ च्या ऑक्टोबरात, एक वेगळाच डाव आकाराला आला. चारशे ते पाचशे माणसे लहान लहान टोळ्यांनी, निरनिराळ्या वेषांत पोर्तुगिजांच्या हद्दीत शिरवायची, त्यांची संख्या दुप्पट झाली की एका रात्री उठाव करून एखादी वेस ताब्यात घ्यायची आणि बाहेरचे सैन्य आत घ्यायचे, अशी ही योजना होती. त्या काळच्या इंग्रजी पत्रव्यवहारात तिचे वर्णन आहे.

सुरतेत नव्हते ते सारे येथे होते: वेषांतर, गुप्त प्रवेश, ठरलेली रात्र. आणि हाच डाव फसला. व्हाइसरॉय जुआंव नुनिश द कुन्य याला संशय आला. त्याने झडती घेऊन माणसे पकडली, महाराजांच्या वकिलाला बोलावून त्याच्या कानशिलात भडकावली आणि सर्वांना हद्दीबाहेर काढले. त्याच सुमारास महाराज डिचोली परिसरात होते. १३ नोव्हेंबर १६६८ रोजी नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराच्या मंदिराच्या पुनर्बांधणीस आरंभ झाल्याचा शिलालेख आजही मंदिरात वाचता येतो.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की फरक उमगतो. सुरतेचा सुभेदार बेसावध होता आणि तेथील दोष आधीच हेरले गेले होते. गोव्याचा व्हाइसरॉय जागा होता. लहानशा शहरात शेकडो अनोळखी माणसे दिसू लागली, की ती कितीही सफाईने सोंग घेतलेली असोत, कोणीतरी त्यांची मोजदाद करते. वेषांतर एका माणसाला झाकते. पाचशे जणांना झाकू शकत नाही. यशस्वी हेरगिरीचे दहा भाग पाहून जे समजणार नाही, ते या एका फसलेल्या डावातून समजते. गोमंतकीय प्रेक्षकाच्या दृष्टीने ही कथा घरचीच आहे. तरीही ती पडद्यावर सुरतेइतकी परिचित नाही, कारण अपयशाला भगव्याचे शेवटचे दृश्य जोडता येत नाही.

आजच्या हेरनाट्याकडून घेण्यासारखे

अपयश दाखवले की नायक लहान होतो, ही भीती निराधार आहे, हे अलीकडच्या हेरमालिकांनी सिद्ध केले आहे. राज आणि डीके यांची ‘द फॅमिली मॅन’ सप्टेंबर २०१९ मध्ये आली. मनोज बाजपेयी यांचा श्रीकांत तिवारी आणि शारिब हाश्मी यांचा जे. के. तळपदे हे मुंबईतील मध्यमवर्गीय नोकरदार वाटावेत असे अधिकारी आहेत. मुलांची शाळा, घराचे कर्ज, बायकोशी बिनसलेले बोलणे हे सारे त्यांच्या कामाइतकेच कथेत येते. पण पहिल्या पर्वाचे खरे बळ मध्यंतरीच्या भागांत आहे. करीम नावाच्या महाविद्यालयीन तरुणावर दहशतवादी असल्याचा संशय घेतला जातो. मिळालेली प्रत्येक खूण त्या संशयात बसवली जाते. तो मारला जातो, आणि मग उमगते की त्याचा घातपाताशी संबंध नव्हता. पुढे सत्य दडपले जाते आणि ते ओझे श्रीकांतच्या मनावर राहते.

चार प्रश्नांची कसोटी येथे लावून पाहावी. काय कळले? अर्धवट. कोणी पडताळले? कोणीच नाही, घाई झाली. काय ठरले? गोळी. किंमत कोणी मोजली? ज्याचा काही अपराध नव्हता, त्याने. हे भाग पाहून श्रीकांत प्रेक्षकाच्या मनातून उतरत नाही. उलट त्याच्या कामाचे वजन कळते. ऐतिहासिक मालिकेतील बहिर्जीला मात्र चुकण्याची मुभा नसते, संशय येत नाही, आणलेली बातमी दुसऱ्या जासुदाकडून तपासून घेतली जात नाही. त्यामुळे तो पूजनीय ठरतो, पण माणूस म्हणून दिसत नाही. ज्याचे अवघे चरित्र बखरीतील थोड्या ओळींत मावते, त्याला माणूसपण देणे हेच तर नाट्याचे काम आहे.

एकाच जिन्यावरचे दोन शब्द

पर्वत पाटियासारख्या वस्तीत या परीक्षणाला केवळ कलेचे महत्त्व नाही. तेथील मराठी मुलाच्या वर्गात गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय मुले असतात. ‘तुमच्या राजाने आमचे शहर लुटले’ असे कोणी म्हटले, तर त्या मुलाच्या हाती काय असते? मालिकेने त्याला फक्त फकीर आणि घोडदौड दिली असेल, तर तो एक तर चिडेल किंवा गप्प बसेल. तिने इनायतखानाचा खोटा हजेरीपट, पुणे प्रांताची झालेली नासाडी, वगळलेले दानशूर दलालाचे घर, तोडलेले हात आणि किल्ल्यात दडलेला सुभेदार हे सारे दाखवले असेल, तर त्याच्यापाशी बोलण्यासारखे काहीतरी असेल. वर्गातल्या मित्राशी बोलताना त्याला काही लपवावे लागणार नाही आणि मान खाली घालण्याचीही गरज पडणार नाही.

त्या मुलाला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. १६६४ च्या सुरतेतील सामान्य रहिवासी आणि त्याच काळातील पुणे प्रांतातील सामान्य शेतकरी, दोघेही अशा सत्तेच्या भरवशावर होते, जिने कर घेतला पण रक्षण केले नाही. शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराचे वेगळेपण रयतेच्या रक्षणाच्या आग्रहात होते, आणि त्या आग्रहासाठी लागणारा पैसा सुरतेतून आला. इतिहासातील ही गाठ सोपी करून सांगता येत नाही. पण तीस मिनिटांच्या भागात ती निदान दाखवता येते.

सुरतेचा पुढचा भाग जेव्हा पडद्यावर येईल, तेव्हा प्रेक्षकाने फकिराची कफनी जरूर पाहावी. नटाने मेहनत घेतलेली असते. त्यानंतर मात्र त्याने पाहावे, की तो फकीर राजगडावर परतल्यावर बोलतो काय. केवळ ‘सुरतेत सोने आहे’ एवढेच सांगत असेल, तर त्याने काहीच हेरलेले नाही; ते सगळ्या हिंदुस्थानाला ठाऊक होते. ‘पाचशेंचा पगार निघतो, पण वेशीवर तेवढे पहारेकरी नाहीत’ असे त्याने सांगितले, तर लेखकाने कागद वाचले आहेत, असे समजावे आणि तो भाग शेवटपर्यंत पाहावा.